पडझडीनंतरच्या उसळीत आकड्यांनी शेअर निवडायचे तर...

अपूर्णांक

मोठी पडझड होऊन गेली आणि बाजार जरा मान वर काढायला लागला की "आता काय घ्यावं?" ही चर्चा सुरू होते. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: चांगल्या कंपन्या स्वस्तात मिळताहेत, त्या उचला. सल्ला म्हणून यात वावगं काही नाही. पण "उसळीत सगळ्यात जास्त काय वर गेलं?" असं आकड्यांना विचारलं तर ते भलतंच उत्तर देतात. हा धागा त्यासाठी.

केंट डॅनियल आणि टोबायस मॉस्कोविट्झ यांचा २०१६ चा शोधनिबंध मोमेंटम पद्धत (मागे वर गेलेले शेअर घ्यायचे, पडलेले विकायचे) अधूनमधून का कोसळते यावर आहे. त्यांनी अमेरिकी शेअर मागच्या वर्षभराच्या परताव्यानुसार (शेवटचा एक महिना सोडून) दहा गटांत लावले. जुलै-ऑगस्ट १९३२ या दोन महिन्यांत सगळ्यात मार खाल्लेला गट २३२ टक्के वर गेला, सगळ्यात टिकून राहिलेला गट ३२ टक्के. मार्च ते मे २००९ मध्ये मार खाल्लेला गट १६३ टक्के वर आणि टिकलेला गट ८ टक्के. त्याच तीन महिन्यांत एस अँड पी ५०० हा अमेरिकी निर्देशांक सुमारे २५ टक्के वर होता. म्हणजे वर्षभर ज्यांनी तुमची लाज राखली, त्यांनी उसळीत निर्देशांकाइतकंही दिलं नाही.

यात गूढ काही नाही, सगळं यांत्रिक आहे. तळाशी उभं राहून मागचे बारा महिने पाहिले तर त्या खिडकीत फक्त घसरणच दिसते. घसरणीत कमी कोण पडतं? बाजाराबरोबर कमी हलणारे, म्हणजे औषधं, वीज, साबण. जास्त कोण पडतं? बँका, वाहनं, पोलाद, कर्जात बुडालेले. म्हणजे आपण "विजेते" आणि "पराभूत" अशी नावं देतो खरी, पण प्रत्यक्षात ती कमी बीटाची आणि जास्त बीटाची यादी झालेली असते (बीटा म्हणजे बाजार एक टक्का हलला तर शेअर किती टक्के हलतो). बाजार फिरला की यादी उलटी होते.

कर्जाचा भाग जरा जवळून पाहू. एका कंपनीच्या धंद्याची किंमत १००, कर्ज ९०. भागधारकांच्या वाट्याला १०. धंद्याची किंमत १०० वरून ११० झाली की कर्ज ९० च राहतं आणि भागधारकांचा वाटा १० वरून २० होतो. दुप्पट. शेजारची बिनकर्जाची कंपनी तेवढीच सुधारली तर तिचा शेअर १० टक्के वर. आता पहिल्या कंपनीची किंमत १०० वरून ८८ करून पाहा. वाटा शून्य, खेळ खलास. उसळीतला मोठा परतावा याच पातळ पापुद्र्यातून येतो आणि मोठं नुकसानही.

मग सरळ गाळ, म्हणजे सगळ्यात मार खाल्लेले आणि कर्जात बुडालेले शेअर, विकत घ्यायचा का? तर नाही. कॅम्पबेल, हिल्शर आणि झिलागी यांनी २००८ मध्ये दाखवलं की बुडण्याच्या बेतात असलेल्या कंपन्यांच्या शेअरनी लांब काळात परतावा कमी दिला आणि हेलकावे जास्त. गाळ चमकतो तो फक्त एका अरुंद काळात. आणि त्या काळातही सगळा गाळ वर येत नाहीच. जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला १ जून २००९ ला, म्हणजे ऐन उसळीत. निर्देशांक वर जात होता आणि जुन्या भागधारकांच्या हाती काही उरलं नाही.

म्हणून मी दोनच प्रश्नांवर चाळणी लावतो.

पहिला: पडझडीतला किती भाग बाजाराचा आणि किती कंपनीचा स्वतःचा? समजा बाजार ३५ टक्के पडला. 'अ' आणि 'ब' दोघे ६० टक्के पडलेत. 'अ' चा पडझडीपूर्वीचा बीटा १.७, म्हणजे ढोबळ हिशोबाने ३५ गुणिले १.७, साधारण ५९.५ टक्के बाजारानेच पाडलं. 'ब' चा बीटा ०.९, त्याला बाजाराने पाडलं ३१.५ टक्के; उरलेले साडेअठ्ठावीस त्याच्या घरचे. कुठल्याही स्क्रीनरमध्ये (आकड्यांवरून शेअर चाळून देणाऱ्या साधनात) दोघे शेजारी शेजारी दिसतील, "६० टक्के स्वस्त" म्हणून. मला 'अ' हवाय. बाजार सावरला तर 'अ' ला सावरायला वेगळं कारण लागत नाही. 'ब' ला लागतं. बीटा मात्र पडझड सुरू होण्याआधीच्या दोन-तीन वर्षांवरून काढायचा. पडझड धरून काढला की पडलेला प्रत्येक शेअर जास्त बीटाचा दिसायला लागतो.

दुसरा: पुढचे दीड वर्ष कुणी नवं कर्ज दिलं नाही तर ही कंपनी जगेल का? एकूण कर्ज किती यापेक्षा ते कधी फेडायचंय याला महत्त्व आहे. हातातली रोख अधिक मंजूर झालेली पण न उचललेली कर्जमर्यादा एका बाजूला. दीड वर्षात देय होणारं कर्ज, व्याज आणि विक्री आटली तरी चुकत नाही असा खर्च दुसऱ्या बाजूला. पहिली बाजू कमी असेल तर नाव खोडायचं, शेअर कितीही मोहक दिसो.

उरलेल्यांची क्रमवारी मी पुस्तकी मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) किंवा मागच्या काही वर्षांच्या सरासरी नफ्याच्या तुलनेत किंमत बघून लावतो. चालू वर्षाचा पी-ई (भाव भागिले नफा) अशा वेळी पार बिनकामाचा ठरतो, कारण छेदातला नफाच गायब असतो. २००९ च्या पूर्वार्धात एस अँड पी ५०० चा मागच्या बारा महिन्यांच्या नफ्यावरचा पी-ई शंभराच्या वर दिसत होता आणि बाजार तर तळाजवळ होता.

एवढंच. जाणकारांनी चिरफाड करावी.

वाचनमात्र

वाखु (वाचनखूण) साठवली. एक बाळबोध शंका: हे सगळं "उसळी सुरू झाली" हे कळल्यावर करायचं ना? ती सुरू झालीय हे कळणार कसं?

काठावरचा

@वाचनमात्र, शंका बाळबोध नाही, सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

नोव्हेंबर १९२९ मध्ये अमेरिकेचा डाऊ निर्देशांक १९८ पर्यंत आला आणि एप्रिल १९३० पर्यंत २९४ वर गेला. पाच महिन्यांत ४८ टक्के. त्या वेळच्या माणसाला ती उसळी वाटली नसेल तर नवल. तिथून जुलै १९३२ मध्ये तो ४१ वर आला, म्हणजे "उसळी" च्या शिखरावरून ८६ टक्के खाली. फार जुनं वाटत असेल तर २० नोव्हेंबर २००८ ते ६ जानेवारी २००९ पाहा. एस अँड पी ७५२ वरून ९३४, चोवीस टक्के वर. मग ९ मार्चला ६७६.

आणि खोट्या उसळीतही जास्त बीटावालेच पळतात. पहिल्या तीन-चार आठवड्यांत खरी आणि खोटी उसळी आतून सारखीच दिसते. त्यामुळे अपूर्णांक यांची निवड कितीही चांगली असली तरी वेळ चुकली तर तीच निवड सगळ्यात जास्त खड्ड्यात नेईल.

रात्रपाळी

वेळेसाठी लोक वापरतात त्या खुणा मी एकेक करून तपासल्या आहेत, म्हणून लिहितो.

निर्देशांकाची मागच्या २०० दिवसांची सरासरी: विश्वासू पण आळशी. २००९ मध्ये निर्देशांक तिच्या वर गेला जूनच्या सुरुवातीला, २०२० मध्ये मेच्या शेवटी. दोन्ही वेळा तोवर तळापासून ३५ ते ४० टक्के वाढ होऊन गेली होती. आणि ही निर्देशांकाची वाढ झाली. गाळाचा मलिदा तर त्याहून आधी संपत आलेला.

व्हिक्स (बाजारातली भीती मोजणारा निर्देशांक): भीतीचं शिखर आणि किमतीचा तळ एकाच दिवशी येत नाहीत. २००८ मध्ये व्हिक्स २० नोव्हेंबरला ८०.८६ वर बंद झाला आणि बाजाराचा खरा तळ साडेतीन महिन्यांनी आला, तेव्हा व्हिक्स ५० च्या आसपास होता. २०२० मध्ये १६ मार्चला ८२.६९ आणि तळ त्यानंतर एका आठवड्यात, २३ मार्चला. दोन्ही वेळा क्रम सारखा, अंतरात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. यावरून नियम काय करणार, कप्पाळ?

मला त्यातल्या त्यात आवडते ती बाजाराची रुंदी. मार्टिन झ्वाइग यांची खूण साधी आहे: वाढलेले शेअर भागिले वाढलेले अधिक पडलेले, याची दहा दिवसांची घातांकी सरासरी (ताज्या दिवसांना जास्त वजन देणारी) ०.४० च्या खाली असताना दहा सत्रांच्या आत ०.६१५ च्या वर गेली तर रुंदीने उचल खाल्ली असं म्हणायचं. ही फार क्वचित येते आणि काही खऱ्या तळांवर येतच नाही. पण ती किंमत बघत नाही, किती जण सामील आहेत ते बघते, आणि उसळीत तेच बघायचं असतं.

मी शेवटी पैसा तीन हप्त्यांत घालण्यावर आलो. पहिला हप्ता बाजार ठरावीक टक्के पडला की, दुसरा रुंदीवर, तिसरा सरासरीवर. कुठला हप्ता बरोबर पडेल हे आधी सांगता येत नाही आणि सांगायची गरजही उरत नाही.

फटकळ

स्पष्ट बोलतो, राग नसावा. बीटा काढा, कर्जाची मुदत बघा, रुंदी मोजा, मग तीन हप्ते... एवढा उपद्व्याप करून शेवटी निर्देशांक फंडापेक्षा किती जास्त मिळतं, ते आधी सांगा. निर्देशांकाला दिवाळखोरीची भीती नाही. कंपनी मेली की तिला काढून दुसरी घेतात. तो आपोआप सावरतो.

अपूर्णांक

@फटकळ, अर्धं मान्य. ज्याला ताळेबंद उघडायचा कंटाळा आहे त्याने पडझडीत निर्देशांक फंड वाढवत न्यावा आणि झोपावं. हे मी मनापासून म्हणतोय.

पण "आपोआप सावरतो" यातलं "कधी" महत्त्वाचं. नॅसडॅक मार्च २००० मध्ये ५०४८ वर होता, ऑक्टोबर २००२ मध्ये १११४, आणि जुनं शिखर परत दिसलं एप्रिल २०१५ मध्ये. जपानच्या निक्केईने डिसेंबर १९८९ चं शिखर ओलांडलं फेब्रुवारी २०२४ मध्ये. निर्देशांकाच्या आत काय आहे आणि ते कुठल्या भावाला घेतलं होतं यावर सगळं अवलंबून आहे.

दुसरं, माझा दावा निर्देशांकाला दरवर्षी हरवण्याचा नाहीच. ही पद्धत दशकात एखाद-दोन वेळा वापरायची. एरवी कपाटात.

चिकित्सक

लेख आवडला, पण दोन ठिकाणी हात धरतो.

एक, बीटाचा गुणाकार. बाजार ३५ टक्के पडला आणि एखाद्याचा बीटा ३ असेल तर तुमच्या हिशोबाने तो १०५ टक्के पडायला हवा. शेअर शून्याच्या खाली जाणार का? मोठ्या घसरणीत लॉग परतावा (नव्या-जुन्या किमतीच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग) वापरा. बाजाराचा लॉग परतावा उणे ०.४३१. गुणिले १.७ म्हणजे उणे ०.७३२, टक्क्यांत सुमारे ५२. 'ब' साठी उणे ०.३८८, म्हणजे सुमारे ३२. त्यामुळे 'ब' जागचा हलत नाही, पण 'अ' तुम्ही म्हणता तितका सोवळा राहत नाही. ५२ च्या पुढचं जे काही आहे ते त्याचं स्वतःचं. क्रम तोच राहिला हे खरं, पण शंभर शेअरच्या यादीत मधल्या चाळीसांचा क्रम यामुळे नक्की बदलेल.

दोन, आणि हे जास्त गंभीर: तुम्ही हे कशावर तपासलंत? महिन्यांचा डाटा घेतला तर शेकडो नोंदी दिसतात आणि माणूस खुश होतो. पण मोठ्या पडझडीनंतरच्या उसळी शंभर वर्षांत हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. १९३२, १९७४ नंतरची, १९८२, १९८७ नंतरची, २००३, २००९, २०२०. सात घटना आणि चाळणीत बारा आकडे फिरवता येत असतील तर त्या सातही घटनांवर झक्कास चालणारी पद्धत कुणीही बनवून दाखवेल. तिचा आठव्या घटनेशी काही संबंध नसेल.

अपूर्णांक

लॉगचं शंभर टक्के मान्य, स्प्रेडशीटमध्ये तसंच आहे. इथे गुणाकार डोळ्यांना सोपा पडतो म्हणून "ढोबळ" लिहिलं होतं.

दुसऱ्या मुद्द्यामुळेच चाळणीत दोन प्रश्न आणि एक क्रमवारी आहे. "दीड वर्ष" हा आकडा मी डाटातून काढलेला नाही, मुद्दाम काढला नाही. तो एक किंवा दोन वर्षं केला तर निकाल थोडा हलतो, उलटा होत नाही, एवढंच बघितलं. आकडा जरा हलवल्यावर जी पद्धत कोलमडते तिच्यात जीव नव्हताच.

जमाखर्च

लेखा तपासणीच्या बाजूने थोडं.

दुसरी चाळणी कागदावर छान आहे, पण स्क्रीनरवरच्या "चालू देणी" या एका आकड्यावर लावू नका. मोसमाप्रमाणे वितरकांकडून आगाऊ घेतलेली रक्कमही त्यात असते, ती रोखीने फेडायची नसते, माल देऊन फिटते. उलट काही कर्ज "दीर्घ मुदतीचं" दिसतं पण त्याला अटी जोडलेल्या असतात: अमुक व्याजफेड प्रमाण मोडलं की सगळं कर्ज लगेच परत मागता येईल. मंदीत नेमकं तेच प्रमाण मोडतं. म्हणजे पाच वर्षांनी फेडायचं कर्ज एका तिमाहीत दारात. ही माहिती मुख्य तक्त्यात नसते, टिपांमध्ये असते, आणि टिपा वाचायला कुठल्याही स्क्रीनरला येत नाहीत. आकड्यांनी यादी दोनशेवरून तीसवर आणावी आणि त्या तिसांच्या टिपा डोळ्यांनी वाचाव्यात. तीन रात्रींचं काम आहे, जास्त नाही.

दुसरी गोष्ट, जगण्यासाठी कंपनी काय करते? नवे शेअर काढते. सिटीग्रुप जगली. पण २००७ अखेर तिचे सुमारे ५०० कोटी शेअर होते, २०१० अखेर सुमारे २,९०० कोटी झाले. बँक वाचली, तिचं बाजारमूल्यही बरंचसं परत आलं, आणि जुन्या भागधारकाचा प्रति शेअर भाव मात्र २००७ च्या पातळीच्या जवळपासही फिरकला नाही. तेव्हा "जगेल का" याच्या पुढचा प्रश्न "कुणाच्या जिवावर जगेल" हा आहे. रोख कमी पडेल असं दिसलं तर आजच्या भावाने किती शेअर काढावे लागतील ते मोजा. एकूण शेअरच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त निघाले तर मी नाव खोडते.

अपूर्णांक

@जमाखर्च ताई, दंडवत. हे शेवटचं गणित आजच चाळणीत घालतोय. त्यातली खोच अशी की भाव जितका पडलेला तितके जास्त शेअर काढावे लागणार. म्हणजे "जास्त पडला म्हणून जास्त गुण" आणि "जास्त पडला म्हणून जास्त पातळ होणार" हे एकमेकांना खातात.

उंटावरून_शेळ्या

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय, पण एक खडा टाकतो. हर्ट्झने २२ मे २०२० ला दिवाळखोरीचा अर्ज केला. शेअर चाळीस सेंटच्या आसपास आला आणि ८ जूनला साडेपाच डॉलरवर बंद झाला. तुमच्या दोन्ही चाळण्यांनी तो फेकून दिला असता. दोन आठवड्यांत दहा पटींहून जास्त! मग चाळणी चांगली की वाईट?

चिकित्सक

चाळणी चांगली. एका नगाने पद्धत ठरत नाही. दिवाळखोरीचा अर्ज केलेल्या शंभर कंपन्यांचे शेअर घेतले असते तर काय झालं असतं हे विचारा. पुढे २०२१ मध्ये हर्ट्झच्या जुन्या भागधारकांना चक्क काहीतरी मिळालं, पण ते अपवाद म्हणूनच गाजलं.

डाटाचा विषय निघालाच आहे तर बॅकटेस्ट (जुन्या डाटावर पद्धत चालवून बघणं) करणाऱ्यांसाठी दोन सापळे दाखवून ठेवतो, कारण या विषयात त्यांची धार फार तीक्ष्ण असते.

जनरल मोटर्सचंच घ्या. आज फुकटच्या डाटात 'जीएम' हे चिन्ह टाकलं तर किमती नोव्हेंबर २०१० पासून सुरू होतात, कारण तो नव्या कंपनीचा शेअर आहे. जुना शून्याकडे गेलेला शेअर त्या नावाखाली दिसतच नाही. म्हणजे "मार्च २००९ मध्ये सगळ्यात पडलेले शेअर घ्या" ही आज्ञा तुमच्या संगणकाने जीएम न घेताच पाळली! मेलेले वगळून पराभूतांचा गट मोजला की परतावा हवा तितका फुगतो. मोमेंटमच्या साध्या चाचणीत ही चूक थोडी दिसते, इथे ती निकालच फिरवते, कारण आपण नेमके स्मशानाच्या वेशीवरचे शेअर निवडतोय.

दुसरा सिटीग्रुप. मे २०११ मध्ये दहा शेअरचा एक शेअर केला. साडेचार डॉलरचा भाव एका रात्रीत पंचेचाळीसच्या आसपास. डाटा समायोजित नसेल तर बॅकटेस्टमध्ये एका दिवसात ९०० टक्के. मार खाल्लेल्या कंपन्याच असले उलटे विभाजन करतात, त्यामुळे असली घाण डाटाभर सारखी पसरत नाही, आपल्याच गटात साचते. एका दिवसात १०० टक्क्यांहून जास्त हलणारी प्रत्येक नोंद हाताने तपासा.

आणि तिमाही निकाल जाहीर झाल्याच्या तारखेपासून धरा, तिमाही संपल्याच्या तारखेपासून नको. मार्च २००९ च्या तळावर मार्च अखेरचा ताळेबंद कुणाकडेच नव्हता.

रात्रपाळी

+१. याशिवाय खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर. तळाशी लहान कंपन्यांत ते इतकं रुंद होतं की बंद भावाने खरेदी झाली असं धरणं म्हणजे मनचे मांडे. मी बॅकटेस्टमध्ये दुसऱ्या दिवशीचा सरासरी भाव धरतो आणि वर खर्च दुप्पट लावतो. त्यानंतरही काही उरलं तर ते खरं.

वाचनमात्र

पिओत्रोस्कीचा नऊ गुणांचा एफ-स्कोअर इथे चालेल का? सगळ्या स्क्रीनरवर तयार मिळतो म्हणून विचारतोय.

जमाखर्च

जोसेफ पिओत्रोस्की यांनी २००० मध्ये तो मांडला तोच मुळी पुस्तकी मूल्याच्या मानाने स्वस्त शेअरमधून धडधाकट वेचण्यासाठी, म्हणजे उद्देश जुळतो. अडचण अशी की नऊपैकी बरेच गुण "मागच्या वर्षापेक्षा सुधारलं का?" असे आहेत: नफ्याचं प्रमाण, मार्जिन, मालमत्तेची उलाढाल. मंदीच्या वर्षात हे सगळ्यांचंच बिघडतं आणि अख्खा उद्योग तीन-चार गुणांवर येऊन बसतो. सरसकट "सात किंवा जास्त" अशी अट लावलीत तर हाती पुन्हा औषधं आणि साबणच लागतील. त्याच उद्योगातल्या इतरांच्या तुलनेत क्रम लावा. आणि कर्ज घटलं का, नवे शेअर काढले का आणि रोख प्रवाह नफ्यापेक्षा जास्त आहे का या तीन गुणांना वेगळं बघा; मंदीतही ते खोटं बोलत नाहीत.

ऑल्टमन यांचा दिवाळखोरीचा अंदाज देणारा १९६८ चा झेड-स्कोअर, १.८१ च्या खाली धोका, तोही तयार मिळतो. पण तो उत्पादन करणाऱ्या कंपन्यांवरून बनवलेला आहे आणि त्याच्या एका घटकात शेअरचं बाजारमूल्य आहे. बाजार निम्मा झाला की धंद्यात काही न बिघडताही स्कोअर खाली येतो.

काठावरचा

मोमेंटमवाल्यांनी काय करावं यावर कुणी बोललं नाही. माझा निम्मा पैसा त्या पद्धतीत आहे.

चिकित्सक

डॅनियल-मॉस्कोविट्झ यांनीच तोडगा दिलाय. बाजाराचा मागच्या २४ महिन्यांचा परतावा उणे असेल आणि हेलकावे मोठे असतील तर मोमेंटममधला पैसा कमी करायचा. मोमेंटमचे अपघात नेमके अशाच काळात होतात. बरोसो आणि सांता-क्लारा यांनी २०१५ मध्ये त्याहून सोपं केलं: पद्धतीचे मागच्या सहा महिन्यांतले हेलकावे मोजा आणि त्यांच्या उलट प्रमाणात पैसा वर-खाली करा. तळ ओळखायची गरज नाही.

फक्त खरेदी करणाऱ्याला इतकी झळ लागत नाही, हेही लक्षात घ्या. खरा मार पराभूत गट शॉर्ट करणाऱ्यांना (शेअर उसने घेऊन आधी विकणाऱ्यांना) बसतो. तुम्ही विजेते धरून बसलात तर २००९ मध्ये ८ टक्के मिळाले. हळहळ वाटेल, पण रस्त्यावर येणार नाही. १६३ टक्क्यांच्या विरुद्ध बाजूला जे उभे होते त्यांना विचारा.

फटकळ

१६३ ऐकून लोकांचे डोळे दिपलेत म्हणून सांगतो. १०० चा शेअर ९० टक्के पडून १० झाला, मग १६३ टक्के वाढला. किती झाला? २६ रुपये ३० पैसे. आधीपासून धरून बसलेला अजून ७४ टक्के तोट्यात. ही टक्केवारी तळाला नव्याने घेणाऱ्याची आहे, सोसणाऱ्याची नाही. "माझ्याकडचा पडलेला शेअर आता उसळेल" म्हणून कुणी हा धागा वाचत असेल तर तो भलत्याच धाग्यावर आलाय.

अपूर्णांक

@फटकळ, हे मूळ लेखातच लिहायला हवं इतकं नेमकं आहे.

उंटावरून_शेळ्या

घेतलं कसं ते कळलं. विकायचं कधी? गाळ कायम ठेवायचा नाही म्हणता, मग केव्हा फेकायचा?

अपूर्णांक

मोमेंटमचीच खिडकी मी घड्याळ म्हणून वापरतो. तळानंतर साधारण वर्षभराने मागच्या बारा महिन्यांत घसरण उरत नाही, फक्त उसळी उरते. मग हेच बदनाम शेअर मोमेंटमच्या यादीत "विजेते" म्हणून वर दिसायला लागतात. तिथे दोन वाटा फुटतात. जो शेअर त्या यादीच्या वरच्या पाचव्या हिश्श्यात आला तो ठेवायचा, पण आता मोमेंटमच्या नियमाने, म्हणजे यादीतून घसरला की विकायचा. जो वर्षभरानंतरही यादीत आला नाही तो भावाचा विचार न करता विकायचा. सगळ्यांना वारा मिळाला आणि हा तरी हलला नाही, म्हणजे त्याचं दुखणं घरचंच होतं. पहिल्या चाळणीतून ते निसटलं, एवढाच अर्थ.

डी बाँट आणि थेलर यांनी १९८५ मध्ये तीन ते पाच वर्षांचे पराभूत पुढची तीन वर्षं धरून ठेवले होते आणि त्यांना परतावा मिळाला. पण त्यांच्या परताव्याचा मोठा भाग जानेवारी महिन्यांत गोळा झालेला होता आणि त्यांची पद्धत उसळीपुरती नव्हती. तीन वर्षं गाळ धरून बसायची माझी तयारी नाही.

वाचनमात्र

शेवटची शंका. बँकांना दुसरी चाळणी कशी लावायची? त्यांचं तर सगळंच कर्ज. ठेवी उद्या सकाळी मागता येतात, मग दीड वर्षाचा हिशोब कसला?

जमाखर्च

लावायचीच नाही. बँकेच्या ताळेबंदात रोख विरुद्ध देणी हे गणित निरर्थक आहे, कारण ठेवीदार धावले की कुठलीच बँक त्यात पास होत नाही. तिथे भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या मालमत्तेच्या मानाने बँकेचं स्वतःचं भांडवल किती), त्यातला शुद्ध भागभांडवलाचा हिस्सा आणि बुडीत कर्जासाठी किती तरतूद केलीय हे बघावं लागतं, आणि बुडीत किती हे कळायला तिमाही-दोन तिमाही उशीर होतो. बाहेरच्या माणसाला तळावर ते दिसत नाही.

अपूर्णांक

मी बँकांची यादी वेगळी ठेवतो. पहिली चाळणी लावतो, दुसरीच्या जागी ताईंनी सांगितलेलं भांडवलाचं प्रमाण, आणि सगळ्या बँका मिळून एकूण पैशाच्या दहा टक्क्यांवर जाऊ देत नाही. शिवाय बँकांचा हप्ता सगळ्यात शेवटी, रात्रपाळी यांच्या तिसऱ्या खुणेनंतर. उसळीचा पहिला मोठा घास त्यामुळे हुकतो, २००९ मध्येही हुकला असता. चालेल.

@रात्रपाळी, तुमच्या रुंदीच्या हिशोबात भाव न बदललेले शेअर छेदात धरता की सोडता? मी सोडतो, पण कमी उलाढालीच्या बाजारात ते खूप असतात आणि आकडा उगाच उड्या मारतो.

रात्रपाळी

सोडतोच, मूळ व्याख्येत ते नाहीतच. पण त्याआधी रोजच्या उलाढालीवर एक चाळणी लावतो. ज्यात व्यवहारच होत नाहीत असे शेअर मोजणीतच घेत नाही. उड्या बऱ्याच कमी होतात. कोड साफसूफ करून उद्या-परवा याच धाग्यावर चिकटवतो.